पाणी बघून ये

तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने विचारले, ‘किती?’ आम्ही म्हणालो, ‘एक.’ तिने मान उंचावून आमच्या मागे पाहिले. मागे एक बाई तीन मुलांना आवरत उभी होती. ‘ही तुमच्याबरोबर नाहीत?’ ‘नाहीत. आम्ही एकटेच आहोत.’ या सदरात आम्ही स्वतःला इतकी वर्षे ‘आम्ही’ म्हणवून घेतो, पण तिकीट एकाचेच लागते, हे त्या दिवशी रोख पैसे मोजून कळले. सासष्टाव्या वर्षी डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा आणि सोबत एकही पोर नाही, असा माणूस प्राणी बघायला आला की लोक जरा वळून बघतातच.

जागा होती कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. खरे तर ही आमची दुसरी खेप. पहिल्या खेपेला आम्ही पौडहून पहाटेची बस धरली, पिरंगुट, भूगाव, बावधन करत शहरात उतरलो, स्वारगेटला बस बदलली आणि कात्रजला फाटकापाशी पोहोचलो, तर रखवालदार म्हणाला, ‘चाचा, आज बुधवार. बुधवारी बंद असतं.’ घरातून निघताना हे कोणाला विचारावे असे सुचले नाही. दोन तासांचा प्रवास करून आम्ही कुलूप पाहिले, थंडगार लस्सी प्यायलो आणि परत फिरलो. सूनबाईंनी दार उघडताना तोंडावर ओढणी धरली होती. हसू लपवण्यासाठी, हे सांगायला नको.

आमचा तालुका मुळशी. पश्चिमेला ताम्हिणीचे अभयारण्य, धरणाच्या कडेने डोंगरांच्या रांगा, त्यात बिबट्या, भेकर, शेकरू. अशा ठिकाणचा माणूस जनावरे बघायला पुण्याला जातो, यावर आमच्या मित्रांनी चहाच्या टपरीवर पुरेशी करमणूक करून घेतली आहे. पण वाचकहो, रानाशेजारी राहणाऱ्याला रान दिसतेच असे नाही. बिबट्या आमच्या ओळखीचा आहे तो धुळीतल्या ठशांवरून आणि शेजाऱ्याने सकाळी दाखवलेल्या रिकाम्या दाव्यावरून. शेकरूची घरटी पुष्कळ पाहिली, शेकरू दोनदाच दिसले आणि तेही शेपटीपुरते. फोटो काढायचा म्हटले तर जनावराने थोडे थांबायला हवे, आणि थांबणारी जनावरे शहरातच.

पण जायचे खरे कारण आमच्या आपा.

आपा आमच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. अठ्ठ्याहत्तरी झाली. दोन वर्षांपूर्वी अंगणात पडून खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून त्यांची दुनिया म्हणजे खिडकीजवळचा पलंग, खिडकीतले शेवग्याचे झाड आणि भिंतीवरचे घड्याळ. ईद झाल्यावर एकदा पाय चेपत बसलो होतो, तेव्हा म्हणाल्या, ‘मुलाचा तो कॅमेरा कपाटात पडून आहे ना? मला अस्वलाचा फोटो आणून दे.’

आम्ही चाट पडलो. कारण आमच्या घरात भिंतीवर जिवाची तसवीर लावायची नाही, हा अम्मीच्या वेळेपासूनचा रिवाज, आणि अम्मींच्या मागे तो काटेकोर पाळला तो आपांनीच. खाटकाच्या दुकानातून आलेल्या कॅलेंडरावरच्या घोड्याला आमच्या घरी जागा मिळाली नव्हती. कॅमेऱ्याचा फोटो चालतो की नाही यावर मोठमोठ्या आलिमांनी वाद घातले आहेत. आमच्या घरापुरता तो वाद अब्बांच्या हजच्या पासपोर्टने मिटवला, पण तोही पेटीतच राहिला, भिंतीवर आला नाही. म्हणून आम्ही विचारले, ‘आपा, अस्वलच का?’

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आम्हाला सासष्ट वर्षांत पहिल्यांदा ऐकायला मिळाले. आमचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. पौडच्या बाजारात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. नाकात वेसण, वेसणीला दोरी, हातात काठी. डमरू वाजला की अस्वल मागच्या दोन पायांवर उभे राही. भिणाऱ्या पोराला त्याच्या पाठीवर बसवले की भीती जाते अशी समजूत, आणि त्याच्या केसांचे ताईतही विकले जात. एका दुपारी खेळ संपल्यावर दरवेशी भिंतीच्या सावलीत झोपला, अस्वल खुंटीला बांधलेले. आठ वर्षांच्या आपांनी घरातून डालड्याच्या डब्यात पाणी भरून नेले आणि लांबून काठीने डबा ढकलला. अस्वल डब्यात तोंड घालून प्यायले. ‘त्याचा आवाज अजून कानात आहे,’ आपा म्हणाल्या. ‘पाणी संपलं तरी डबा चाटतच होतं. मी दुसरा डबा आणायला गेले, तर अम्मीने घरात कोंडलं.’

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, अस्वलांच्या खेळावर बंदी आली आणि दरवेशी हळूहळू दिसेनासे झाले. त्यांच्या पोटाचे काय झाले हा वेगळा विषय आहे आणि त्यावर कोणी फारसे बोलत नाही. आपांच्या मनात मात्र तो दुसरा डबा राहून गेला होता.

‘फोटो काढशील तो काढ,’ त्या म्हणाल्या, ‘पण आधी त्यांना पाणी आहे का ते बघून ये.’

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याची, या दोन्ही हदीस आपांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा सांगितल्या आहेत की त्यांचा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. २०२० च्या ९ डिसेंबरला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत रानगवा शिरला होता, तेव्हाही त्यांनी हेच विचारले होते. तो दिवस वाचकांना आठवत असेल. सकाळी गवा दिसला, बातमी पसरली, माणसे जमली, मोबाइल बाहेर निघाले. गवा धावत सुटला, त्याच्या तोंडाला जखम झाली, रक्त गळू लागले. बेशुद्धीची इंजेक्शने मारली, दोऱ्या लावल्या, गाडीत घातला. त्याच दिवशी तो मेला. आम्हाला त्याचा व्हिडिओ सकाळीच कोणीतरी धाडला होता आणि आम्ही तो तसाच पुढे अकरा जणांना धाडला. बघा, केवढे जनावर, असे वर लिहूनही. संध्याकाळी आपांना दाखवला. त्यांनी मोबाइल परत देत विचारले, ‘एवढ्या माणसांत त्याला पाणी कोणी दिलं का?’ घाबरलेल्या रानजनावराला जवळ जाऊन पाणी देता येत नाही, असे आम्ही समजावून सांगितले. ‘मग लांब तरी व्हायचं,’ त्या म्हणाल्या.

दोनच आठवड्यांनी बावधनच्या बाजूला दुसरा गवा आला. बावधन म्हणजे आमच्या रोजच्या रस्त्यावरचे. त्या वेळी लोकांना लांब ठेवले, वाट मोकळी ठेवली, आणि तो आपल्या पायांनी डोंगराकडे निघून गेला. त्याचा व्हिडिओ आम्हाला फारसा कोणी धाडला नाही.

तर अशी कामगिरी घेऊन आम्ही सोमवारी फाटकातून आत शिरलो. एप्रिलचे ऊन साडेनऊलाच चढले होते. आत झाडी भरपूर आहे, रस्ते रुंद आहेत, आणि मधोमध कात्रजचा तलाव. हा तलाव प्राण्यांसाठी बांधलेला नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथले पाणी अडवून जमिनीखालच्या नळांनी शहरात नेले, शनिवारवाड्यापर्यंत, आणि पेठांतल्या हौदांत ते पडत असे. पुणे ज्या पाण्यावर वाढले त्याच्या काठावर आज वाघ राहतात. (आमच्या मुळशीचे पाणी डोंगरातून पलीकडे भिऱ्याला जाते आणि मुंबईसाठी वीज करते. त्यासाठी बुडालेल्या गावांची गोष्ट या सदरात पूर्वी येऊन गेली आहे.)

प्राणिसंग्रहालयाची सुरुवात झाली सापांपासून. १९८६ साली इथे सर्पोद्यान निघाले, ते नीलमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने. हे तेच खैरे, ज्यांनी १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले होते. नंतर मोठे संग्रहालय झाले आणि सारसबागेजवळच्या पेशवे पार्कमधले प्राणी इकडे आले. बहुतेक मोठ्या प्राण्यांना गज नाहीत. मोठे मोकळे आवार, मध्ये खंदक आणि अलीकडे आपण. फोटो काढणाऱ्याला ही मोठी सोय. जिथे जाळी आहे तिथे एक युक्ती मुलाने शिकवली होती: भिंग जाळीच्या शक्य तितके जवळ न्यायचे, छिद्र मोठे ठेवायचे आणि प्राणी जाळीपासून लांब जाईपर्यंत थांबायचे, म्हणजे जाळी फोटोत विरघळून जाते. काच असली तर भिंग काचेला टेकवायचे आणि फ्लॅश बंद. फ्लॅशने काचेत आपलाच चेहरा येतो, जनावराच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच.

पांढऱ्या वाघापाशी सर्वांत जास्त गर्दी. तो एका झाडाखाली पाठ करून पडला होता. ‘ए शेरू! इकडे बघ ना!’ माणसे ओरडत होती. शिट्ट्या, टाळ्या, कोणी चपलेने कठडा बडवतो आहे. रखवालदार शिट्टी फुंकून दमला होता. एका बापाने पोराला खांद्यावर घेऊन सांगितले, ‘हा हिमालयातला वाघ आहे, बर्फातला, म्हणून पांढरा.’ आम्ही शिक्षकी पेशातून सुटलो असलो तरी सवय सुटलेली नाही. त्यांना बाजूला घेऊन सांगितले की बर्फाशी याचा संबंध नाही. रीवाच्या महाराजांनी १९५१ साली जंगलात एक पांढरा बछडा पकडला, त्याचे नाव मोहन, आणि आज जगभरच्या संग्रहालयांत जे पांढरे वाघ आहेत त्यांतले बहुतेक त्याच्याच वंशातले. जवळच्या नात्यात जोड्या लावून लावून हा रंग टिकवलेला आहे. बापाला ही माहिती फारशी आवडली नाही. बर्फ बरा होता.

आम्ही तिथे वाघाचा फोटो काढायच्या ऐवजी त्याचे पाण्याचे टाके शोधू लागलो. डाव्या बाजूला झाडाच्या मुळाशी होते, भरलेले, त्यात दोन पाने तरंगत होती. काढला फोटो. शेजारच्या तरुणाने आमच्या पडद्यात डोकावून पाहिले आणि आपल्या मित्राला काहीतरी खुणावले. बरोबरच आहे. समोर पांढरा वाघ असताना म्हातारा हौदाचा फोटो काढतो आहे!

हत्तीच्या आवारात नळी चालू होती. हत्ती चिखलात उभा राहून पाणी अंगावर उडवत होता, तिथे थांबायचे कारणच नव्हते, तरी आम्ही अर्धा तास थांबलो. हरणांच्या आवारात मात्र पाय रेंगाळला तो दुसऱ्या कारणाने. जुलै २०२५ मध्ये इथे पंधराहून अधिक चितळे लाळ्या-खुरकुताने दगावली होती. आमच्याकडे गुरे पाळणाऱ्या कोणालाही हा रोग काय ते सांगावे लागत नाही. तोंडाला फोड, खुरांत जखमा, चारा-पाणी सुटते. रानात कळप पांगू शकतो. आवारात सगळे एकाच गव्हाणीवर, एकाच टाक्यावर. आपांच्या प्रश्नाला ही दुसरी बाजू आहे, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले. पाणी असून भागत नाही, ते कोणाकोणाच्या तोंडचे आहे तेही बघावे लागते. त्या दिवशी चितळे सावलीत रवंथ करत बसली होती. एका नराची शिंगे अजून मखमलीत होती.

मग बिबट्या. आता जे झाले ते लिहावे की नाही, यावर चार दिवस विचार केला.

बिबट्या फांदीवर लांब होऊन झोपला होता, पुढचे पाय खाली सोडलेले. उजेड छान. भिंग जाळीशी, जाळी विरघळलेली. फक्त डोळे मिटलेले. वीस मिनिटे थांबलो. खांदा दुखू लागला. आयुष्यभर ज्याचे ठसेच पाहिले तो समोर होता, आणि तो आमच्याकडे बघत नव्हता. आम्ही इकडे-तिकडे पाहिले, जवळ एक सात-आठ वर्षांचा मुलगा सोडून कोणी नव्हते, आणि आम्ही टाळी वाजवली. एकदाच, पण जोरात. बिबट्याने खाडकन डोके उचलले, कान मागे गेले, सरळ आमच्याकडे पाहिले. कॅमेरा तयारच होता. फोटो आला, उत्तम आला, डोळ्यांतले पिवळे कण मोजता येतील असा. दुसऱ्या क्षणी त्या मुलाने आमच्यासारखीच टाळी वाजवली. मग आणखी जोरात. मग त्याने जमिनीवरचा खडा उचलला. आम्ही त्याचा हात धरला, ‘नको बेटा,’ म्हणालो. तो म्हणाला, ‘तुम्हीच तर उठवलं.’

यावर उत्तर नव्हते. बिबट्या फांदीवरून उतरून मागच्या आडोशाला गेला. त्याच्या पाण्याचे टाके बघायचे राहिलेच होते. नंतर पाहिले, भरलेले होते.

जरा वेळ बाकावर बसलो. कॅमेरा नव्हता तेव्हाही लोक जनावरांच्या तसविरी काढतच होते, असे मनात येत राहिले. जहांगीर बादशहाच्या पदरी उस्ताद मन्सूर होता. १६२१ साली बादशहापुढे झेब्रा आणला गेला तेव्हा लोकांना वाटले कोणा चित्रकाराने घोड्यावर पट्टे ओढले आहेत. नीट तपासून पाहिल्यावर पटले की ही कारागिरी परवरदिगाराचीच. मन्सूरने त्याचे चित्र काढले, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि आपल्या पुण्यात सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र १७९० साली गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने काढले. चित्र काढायला दिवस लागतो. झोपलेल्या जनावराला झोपलेलेच काढता येते. आम्हाला मात्र वीस मिनिटे जास्त झाली होती.

गवा शेवटी पाहिला. काळपट तपकिरी, डोंगराएवढा, पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, जणू मोजे चढवलेले. काळ्या जनावराचा फोटो कॅमेरा उगाच उजळ काढतो, म्हणून प्रकाश थोडा कमी करावा लागतो, नाही तर अंगाची तुकतुकी जाते. आम्ही प्रकाश कमी केला आणि कठड्यापासून चार पावले मागे सरून उभे राहिलो. तिथे कोणीच नव्हते. गव्याला बघायला गर्दी होत नाही. गवा कोथरूडात यावा लागतो. तो माश्या उडवत उभा होता. बऱ्याच वेळाने सावकाश चालत टाक्यापाशी गेला, तोंड घातले आणि प्यायला. एक मोठा घोट, मग थांबायचे, मग पुन्हा. आम्ही फोटो काढायचे विसरलो नाही, पण उशिरा आठवले. त्यामुळे जो निघाला त्यात त्याची हनुवटी आहे आणि हनुवटीवरून गळणारे पाणी.

अस्वल तेवढे दिसले नाही. म्हणजे दिसले, पण आपांच्या कामाचे नाही: गुहेसारख्या आडोशात काळे ढेकूळ, श्वासाने वर-खाली होणारे. या वेळी टाळी वाजवली नाही. त्याच्या आवारात पाण्याचे डबके होते आणि डबक्याच्या कडेच्या ओल्या मातीत ताजा पंजा उमटला होता, माणसाच्या पावलासारखा, पुढे नखांच्या लांब रेघा. तोच काढला. ठसे ओळखण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

कात्रजच्या मशिदीत जोहरची नमाज पढून, डबा खाऊन परत निघालो. बसमध्ये झोप लागली, पिरंगुटला जाग आली.

मगरिबनंतर आपांच्या पलंगावर बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवला. भिंतीचा प्रश्न आलाच नाही. वाघाचे टाके, हत्तीची नळी, चितळांची गव्हाण. त्यांनी चश्मा दोनदा पुसला. बिबट्याचा फोटो आला तेव्हा थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘हा असा का बघतोय?’ आम्ही खरे ते सांगितले. ‘झोपला होता बिचारा,’ एवढेच म्हणाल्या. तो फोटो अजून कार्डात आहे. पुसलाही नाही, कोणाला धाडलाही नाही.

गव्याच्या हनुवटीवर त्या थांबल्या. बोटाने पडद्याला स्पर्श केला, तर फोटो मोठा झाला, पाण्याचा थेंब दिसू लागला. अस्वलाऐवजी पंजा बघून त्या हसल्या. ‘पाणी पिऊनच गेलंय,’ म्हणाल्या. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

‘अरे, पण तू पहिल्यांदा गेलास तेव्हा बंद होतं ना? बुधवारी?’

‘हो.’

‘मग बुधवारी त्यांना पाणी कोण देतं?’

‘बंद आपल्याला असतं आपा. त्यांच्याकडे माणसं रोज येतात.’

‘तू पाहिलंस?’

पाहिले नव्हते. कुलूप पाहून लस्सी प्यायला गेलो होतो. आपांनी कॅमेरा आमच्या हातात दिला आणि उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे हात केला. आम्ही पेला भरून दिला.

‘फोन असेल ना तिथे,’ त्या म्हणाल्या. ‘बुधवारी लाव.’